पाकीटमामांची खोकी

फुकटाची वस्तू दिसली की पाकीटमामांचे डोळे लकाकत. एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. टपाल फोडून झालं की रिकामी पाकिटं गोळा करायची, घरी आणून जोड सोडवायचे, पाकीट उलटं करायचं आणि मैद्याच्या खळीनं पुन्हा चिकटवायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. पत्ता आत गेला की कोरं पाकीट तयार. त्या पाकिटांत ते फोटो ठेवत. स्वतःचे नव्हेत, सक्करदऱ्यातल्या आमच्या घरांच्या अख्ख्या ओळीचे.

त्या काळी हा माणूस मला डोळ्यांसमोर नको असे. ओळीत कॅमेरा होता तो एकट्या माझ्याकडे. बारशी, वाढदिवस, लग्नं, सगळ्यांचे फोटो मी काढायचो. मेच्या उन्हात मी भाजायचो. आणि कुणाला जुना फोटो हवा झाला की तो जायचा पाकीटमामांकडे! मामा खोक्यात हात घालायचे आणि मिनिटभरात फोटो बाहेर. "मामा म्हणजे मामाच," लोक म्हणायचे. काढला कुणी, हे कुणी विचारीत नसे.

खोकंसुद्धा त्यांनी पारखून घेतलेलं. "मिठाईच्या डब्याले मुंग्या लागते. साडीचा डबा लंबा, त्यात पाकिटं लोळते. चपलेचं खोकं खरं. पाकीट उभं राह्यते, अन् फुकट." जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या ते चिठ्ठ्या कापत. एका फोटोत पाच माणसं असली तर पाच चिठ्ठ्या, प्रत्येकाच्या नावाची एक, म्हणजे कुणाचंही नाव घेतलं तरी फोटो सापडावा. कडेला अर्धीच आलेली बाईसुद्धा सुटत नसे. तारखा मात्र नाहीत. मी एकदा खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "तारीख कोनाले याद राह्यते गा? मानूस याद राह्यते."

मी ठरवलं, यांना दाखवून द्यायचं. बर्डीच्या बाजारातून काळ्या पानांचा जाडजूड अल्बम आणला आणि आमच्या घरातच राहिलेले सगळे फोटो वर्षवार लावायला घेतले. कोपऱ्यांना लावायचे कागदी त्रिकोण दुसऱ्याच पानावर संपले. मग डिंकाची बाटली काढली. काही फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीच्या बारीक ओळी होत्या. स्टुडिओवाल्याची काही खूण असेल म्हणून मी त्यावरून खुशाल कुंचला फिरवला.

अल्बम झाल्यावर मामांना मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांनी पानं सावकाश उलटली. "चांगला हाये," म्हणाले. मग एका फोटोच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "पन पाठ काहून झाकली गा?"

"पाठीवर काय असतं?" मी म्हणालो.

आई चहा घेऊन दारात उभी होती. "म्या लिहून ठेवलं होतं त्याच्यावर," ती हळूच म्हणाली.

चौथीपर्यंत शिकलेली माझी आई प्रत्येक फोटोमागे लिहीत होती, आणि मला तिचं अक्षर ओळखता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर तिनं अल्बम उचलला आणि मामांकडे नेला. मामांनी परातीत पाणी घेऊन एकेक पान भिजवलं, फोटो अलगद सोडवले आणि खाटेवर वर्तमानपत्र पसरून वाळत घातले. पेन्सिल बहुतेक डिंकाबरोबर निघून गेली होती. मग दर रविवारी दुपारी आई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. ती सांगायची, मामा लिहायचे, मामी मधूनमधून चहा आणायच्या. तिघांचं हसणं आमच्या अंगणापर्यंत यायचं. माझ्या आईला एवढं बोलता येतं, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं आणि माझ्या पोटात दुखत होतं.

"त्यांना एवढं काय सांगतेस?" मी एकदा फणकारलो.

"ते इचारून राह्यले, म्हनून सांगून राह्यली," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटली.

मग मी तोंडानं सांगू नये अशी गोष्ट केली. त्यानंतर काढलेला एकही फोटो मी मामांकडे जाऊ दिला नाही. सरळ ट्रंकेत टाकायचो आणि कुलूप लावायचो. आई मागायची. "देतो उद्या," मी म्हणायचो. पाच-सहा वर्षं मी तिला हे 'उद्या' ऐकवलं. मग एका थंडीत ती आठवडाभर आजारी पडली आणि गेली.

पुढं मामा निवृत्त झाले आणि मुलाकडे भिलाईला जायला निघाले. निघण्याआधी त्यांनी ओळीतल्या घराघरांत खोकी पोचवली. आमची दोन होती. "तुह्या मायचं हाये, सांभाळजो," एवढंच म्हणाले. मी काय लपवलं होतं ते त्यांना ठाऊक असणार, पण तो विषय त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या घोटीव अक्षरात आई जशी बोलली तशी उतरली आहे. हिरव्या लुगड्यातल्या फोटोमागच्या चिठ्ठीवर आहे: "हे लुगडं माह्या मायनं देल्लं होतं. ठेवनीतलं काढून नेसली, काहून की फोटो बबन काढून राह्यला होता." बबन म्हणजे मी. फोटो काढताना लुगडं मी पाहिलंच नव्हतं. उजेड कुठून येतो तेवढं पाहिलं होतं.

मामा भिलाईलाच वारले. त्यांचा हेवा अजून गेलेला नाही. माझ्या आईचं बोलणं त्यांनी रविवारमागून रविवार ऐकलं, आणि ते मला आता कुठूनही मिळणार नाही.

ट्रंकेतले फोटो परवा बाहेर काढले. एकात आईच्या खांद्यावर हात टाकून एक बाई खळखळून हसते आहे. आईही तशीच हसते आहे, डोळे मिटून. ती बाई कोण, मला माहीत नाही. दोघी कशाला हसल्या, तेही माहीत नाही. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो.