फोटोतलं चौथं माणूस

छायाचित्र माणसाला मृत्यूच्या हातून सोडवून आणतं. हे वाक्य मी दोनदा जाहीरपणे बोललो आहे. पहिल्यांदा बँकेच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात, अध्यक्ष आलेच नाहीत म्हणून ऐन वेळी मला उभं केलं तेव्हा. दुसऱ्यांदा एका निरोपसमारंभात, तिथे सत्कारमूर्तीला गाडी गाठायची होती. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या, त्यामुळे ते खरं असावं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

बँकेनं माझी चेन्नईला बदली केली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. अड्यारला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. घरात आई, बायको, मुलगी आणि मी. मला फोटोंचा नाद होता आणि आईचा एक नियम होता, की तिघांचा फोटो काढायचा नाही. तिघांत जो मधे उभा राहतो तो आधी जातो.

"मग दोघांत कोण आधी जातं?" मी विचारलं होतं.

"दोघांत मधे कोणी नसतं," आई म्हणाली.

अडचण अशी की मी कॅमेऱ्यामागे गेलो की समोर नेमक्या तिघी उरत. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर होता, पण धावत जाऊन उभं राहायचं आणि चेहऱ्यावर जन्मापासून तिथेच उभे आहोत असा भाव आणायचा, हे मला कधी जमलं नाही. म्हणून आम्ही समोरचं दार वाजवत असू.

समोर अक्का राहत. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि आपली मराठी त्या वेळी होती तशीच ठेवून बसले. मधल्या काळात लागतील ते शब्द तमिळमधून घेतले. आई म्हणायची, "या बोलायला लागल्या की दरबारातून खलिता आल्यासारखं वाटतं." अक्कांचं आईबद्दलचं मत असं होतं की ही बाई चांगली आहे, पण मराठी बिघडलेली आहे.

मुलीचा वाढदिवस, पाडवा, दिवाळी, शाळेचा पहिला दिवस, नवा फ्रीज. दार वाजवलं की अक्का हात पुसत यायच्या. "आली चौथी. कोठें उभी राहूं?" आणि उत्तराची वाट न पाहता डाव्या कडेला उभ्या राहायच्या. फोटो निघाला की "सरि", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून आपल्या घरी. कधी थांबून केक खायच्या, कधी नाही. गॅसवर काहीतरी असायचं.

सोळा वर्षं हे असं चाललं. मग आई गेली. ती कुठल्याही फोटोत मधे उभी राहिली नव्हती; मधुमेहानं गेली.

त्यानंतर कॅमेऱ्यासमोर बायको आणि मुलगी अशा दोघीच राहिल्या. दोघांना काही धोका नव्हता. आम्ही समोरचं दार वाजवणं बंद केलं. बंद करायचं असं कोणी ठरवलं नाही. गरज पडली नाही, इतकंच. त्या वर्षीच्या दिवाळीला मी मायलेकींचे फोटो काढत होतो आणि अक्का नवी साडी नेसून आपल्या दारात उभ्या होत्या. सुती, राखाडी, बारीक काठांची. त्या कायम तशाच नेसत.

"आतां मी लागत नाहीं वाटतें," त्या हसून म्हणाल्या.

"या की अक्का."

"नको, नको. हिशोब जमला तुमचा." आणि दार लावून घेतलं.

पुढे मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली. फोनवर तमिळमध्ये भांडते आणि मराठीत फक्त तब्येत विचारते. माझ्याकडे भरपूर वेळ आणि आधीपेक्षा चांगला कॅमेरा आला. तेव्हा एकदा जिन्यात अक्कांनी मला थांबवलं. मी पन्नाशी ओलांडली होती तरी त्या मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणत.

"तंबी, माझा एक फोटो काढ. एकटीचा. खुर्चीत बसून."

"काढू की. पासपोर्टला का?"

"कोठें जायचें आहे मजला? भिंतीला."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा भाऊ तांबरमला राहतो. घर रंगवून झाल्यावर त्यानं हॉलमध्ये गेलेल्या माणसांचे फोटो ओळीनं लावले. आई, वडील, दोन मोठे भाऊ. पण माणूस ड्रिल घेऊन आलाच आहे तर पुन्हा कशाला बोलवा, म्हणून त्याच्याकडून पाच भोकं पाडून घेतली.

"पांचवें कोणाचें?" अक्का म्हणाल्या. "तें आम्हां दोघांत ठरायचें आहे. त्याजकडे रिटायरमेंटचा फोटो आहे, कोट घातलेला. मजकडे कांहीं नाहीं. उद्यां मीच आधीं गेलें तर तो आधारकार्डावरचा लावील."

मी हसलो. त्याही हसल्या, पण माझ्याआधी थांबल्या.

मी रविवारी म्हटलं. त्या रविवारी ढग होते. पुढच्या रविवारी माझ्याकडे पाहुणे. मला त्यांचा फोटो नीट काढायचा होता, खिडकीच्या उजेडात, मागे साधी भिंत ठेवून. आणि नीट करायच्या गोष्टी लांबवायला माणसाला लाज वाटत नाही. त्या काळात मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एन्नोरला, तीन वेळा गेलो. तिथल्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आणि त्यापुढे जाळी दुरुस्त करणारे कोळी यांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांतल्या एकाला मंडळात दुसरं बक्षीस मिळालं. अक्का समोरच्या दारात होत्या, अकरा पावलांवर. त्यांनी एकदा आठवण केली, दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली नाही.

गेल्या डिसेंबरात त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत पाणी झालं. चौथ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन इस्पितळात गेलो. कशासाठी आणला हे मी बोललो नाही. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"आतां आणलास?"

"सहज."

अक्का नर्सला तमिळमध्ये म्हणाल्या, फणी मिळेल का. नर्स म्हणाली, डॉक्टर येऊन जाऊ देत, मग देते. डॉक्टर उशिरा आले. ते गेले तेव्हा भेटीची वेळ संपली होती आणि रखवालदार खोल्या रिकाम्या करत होता. फणी आली नव्हती. अक्कांनी हातानं केस मागे सारून पाहिले आणि म्हणाल्या, "उद्यां."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या गेल्या.

तेराव्यासाठी फोटो हवा होता. भावानं त्यांच्या कपाटातून आधारकार्ड काढून आणलं होतं, ते त्यानं माझ्या हातात दिलं. "ह्यांत ती चोरी करतांना सांपडल्यासारखी दिसते, सार. तुमच्याकडे चांगला असेल. ती सांगत असे, तंबीकडे माझे शंभर फोटो आहेत."

होते. शंभराहून जास्तच होते. मी दोन दिवस बसून सगळे काढले. आधी अल्बम, मग सीडी, मग संगणक. अक्का सगळ्यांत होत्या आणि सगळ्यांत डाव्या कडेला होत्या. कुठे अर्धा खांदा चौकटीबाहेर, कुठे आईचा हात त्यांच्या दंडावर, कुठे तोंडापुढे केकची बशी, कुठे डोळे मिटलेले. मुलीचे डोळे मिटले तर मी दुसरा फोटो काढत असे. अक्कांचे मिटले तर काढत नसे. जिथे डोळे उघडे होते तो चेहरा मी मोठा करून पाहिला आणि तो धूसर निघाला. कारण मला ठाऊक होतं. फोकस मुलीवर होता. सोळा वर्षं प्रत्येक वेळी मी मुलीवर फोकस केला होता आणि अक्का त्याच्या किंचित बाहेर उभ्या होत्या. तिघांतल्या मधल्या माणसाची काळजी आईनं घेतली होती. चौघांतल्या कडेच्या माणसाचं काय होतं याबद्दल आमच्या घरात काही नियम नव्हता.

बायको मागे येऊन उभी राहिली. "एकही नाही?"

"नाही."

"तुम्ही त्यांना तीन वर्षं रविवार सांगत होतात," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मुलीच्या सातव्या वाढदिवसाचा एक फोटो घेऊन मी आणि भाऊ बाजारातल्या स्टुडिओत गेलो. मालकानं चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला. आईचा हात पुसून टाकता येईल म्हणाला. चेहराही स्वच्छ होईल. हल्ली संगणक जे दिसत नाही ते अंदाजानं भरतो. खांदा मात्र नाहीच आहे, तेव्हा शरीर दुसरं लावावं लागेल. त्यानं पडद्यावर बायकांची शरीरं उघडली, मान ते कंबर, ओळीनं.

"सिल्क की कॉटन?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"कॉटन," मी म्हणालो. "राखाडी."

"कॉटनमध्ये नाहीये, सार."

"सिल्कच लावा," भाऊ म्हणाला. "जन्मभर तिनें नेसली नाहीं."

तेराव्याला तो फोटो चौरंगावर हार घालून ठेवला होता. जांभळी रेशमी साडी, जरीचे काठ, गळ्यात दोन पदरी माळ. अंदाजानं भरलेले डोळे मोठे, शांत आणि कोणाकडेच न पाहणारे होते. चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. शाळेतल्या जुन्या सहकारी बायका आल्या, नमस्कार करून म्हणाल्या, अगदी अशाच होत्या. बायकोनं नमस्कार केला आणि परतताना माझ्या कानाशी म्हणाली, "या कोण?"

जेवणं झाल्यावर भावानं तो भिंतीवर टांगला. सरळ बसतो आहे का ते त्यानं मला विचारलं, कारण मला त्यातलं कळतं. मी सरळ आहे म्हणालो.

चार दिवसांनी मी मूळ फोटो परत आणायला स्टुडिओत गेलो. साडीतली ती बाई कोण, हे मालकाला विचारलं. ती त्याची मेहुणी. एका लग्नात काढलेला फोटो, खांदे चांगले आहेत म्हणून ठेवून दिला; आजवर बऱ्याच घरांत लागला आहे. ती अंबत्तूरला राहते आणि तिची प्रकृती उत्तम आहे.