चारचाकी बेडूक आणि माझी गावं

मला मोटरसायकल चालवता येते हे आधीच सांगून टाकते, कारण सगळी गोष्ट ऐकून झाल्यावर शेवटी तेच विचारणारी माणसं मला भेटलेली आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि गावात गिअरची गाडी चालवणारी पहिली बाईही मीच. दोन्हीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

कापसाच्या बातम्या करायला लांबलांबची माणसं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात येत, फोटो काढत आणि निघून जात, त्या वर्षांत मी दिग्रसला एका संस्थेत नोकरी करत होते. काम साधं होतं. वाटून दिलेल्या गावांत दर आठवड्याला जायचं, कपाशीची पानं उलटून, पात्या, म्हणजे कळ्या, आणि बोंडं बघून अळी किती आहे ते पाहायचं आणि फवारायचं की थांबायचं ते सांगायचं. औषधाचा दुकानदार म्हणायचा फवारा, मी म्हणायची थांबा. माझं ऐकायला लोकांनी एक अख्खा हंगाम घेतला. पहिल्या वर्षी ‘बाईमाणूस काय सांगते’ म्हणणारे दुसऱ्या वर्षी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून माझी वाट बघू लागले. ती गावं मी कमावलेली होती.

गावं कमावली तशी वाटही कमावली होती. डांबरी रस्ता सुटला की पांदण सुरू होते. पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बंडीची, बैलगाडीची वाट. बंड्यांच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे उंच वरंबा. पाणी पडलं की आमची काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्ड आणि टायरच्या मधे गोळा बसून चाक फिरायचंच थांबतं. म्हणून माझ्या जुन्या गाडीचं पुढचं मडगार्ड मी काढूनच टाकलं होतं. हँडलला एक लोखंडी पट्टी बांधलेली असायची, चिखल खरवडायला. आणि चालवायची रीत आमच्या भागात सगळ्यांची एकच. पहिला गिअर, चाक एका चाकोरीत, दोन्ही पाय बाहेर. गाडी घसरली की पाय टेकायचा, ढकलायचं, पुढे जायचं. बदकासारखं दिसतं ते. दिसू दे. बदक कधी चिखलात अडकलेलं मी पाहिलं नाही.

आषाढात, पेरण्या आटोपल्यावर, संस्थेच्या अंगणात एक एटीव्ही येऊन उतरली. बाहेरच्या कुठल्यातरी देणगीदाराने पाठवलेली. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, क्लच नाही, रेस अंगठ्याने द्यायची. लाल रंग असा की मुंग्यांनाही लांबून दिसावा. आमच्या संस्थेचे साहेब मूळचे यवतमाळच्या नोकरदार घरातले, पुण्याला शिकून आलेले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की पांदणीच्या गावांसाठी आता ही गाडी. जो ही चालवेल त्याच्याकडे ती गावं. मला त्यांनी आठ दिवस दिले. मी चालवून बघावं, जमेल की नाही ते कळवावं. नाही जमलं तर मला ऑफिसात अहवाल लिहायचं काम होतंच.

ऑफिसातला एक सहकारी त्याच दिवशी अंगणात दोन चकरा मारून आला. मला म्हणाला, “ताई, तुमाले नाही जमणार. याले अंगात वजन लागते.”

मी म्हटलं, “मंग दोन पोळ्या जास्त खाईन.”

घरी बाबांना सांगितलं. बाबा सुतार, बंड्या करणारे आणि दुरुस्त करणारे. त्यांचा एकच प्रश्न, चाकांमधलं अंतर किती. मी म्हटलं, बंडीपेक्षा पुष्कळ कमी. ते हसले आणि पुन्हा रंधा मारायला लागले. त्यांच्या हाताखाली वाढल्यामुळे मला हसण्याचं कारण विचारायची गरज नव्हती. आमच्या भागात कुणीही बंडी केली तरी चाकांतलं अंतर एकच ठेवतात. नाही ठेवलं तर ती बंडी कुणाच्याच पांदणीत चालत नाही, कारण चाकोऱ्या आधीच्या बंड्यांनी पाडून ठेवलेल्या असतात. एटीव्हीचं एक चाक चाकोरीत गेलं तर दुसरं वरंब्यावर चढणार. पण हे ऑफिसात बोलले असते तर सगळ्यांनी एकच अर्थ काढला असता, की पोरगी भ्याली. म्हणून आधी चालवायची, मग बोलायचं, असं ठरवलं.

एटीव्हीला नंबर नव्हता, डांबरी रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून ती टेम्पोत चढवून माझ्या एका गावापर्यंत न्यावी लागली. गाडीला न्यायला गाडी.

सहकाऱ्याला घेऊन साहेब स्वतः बघायला येणार हे गावाला दोन दिवस आधी कळलं होतं. मोठा माणूस येणार म्हटलं की आमच्याकडे रस्ता झाडतात, खड्डे बुजवतात. साहेबांची नवी गाडी पांदणीने जाणार म्हणून ज्या काकांच्या शेतात मी दर आठवड्याला अळी बघायची, त्यांनी आणि शेजाऱ्यांनी घरोघरच्या पऱ्हाट्यांचे ढीग आणले, म्हणजे चुलीत घालायला रचून ठेवलेली कपाशीची वाळकी झाडं, आणि दोन्ही चाकोऱ्या वरंब्याच्या बरोबरीने भरून टाकल्या. वर माती ओढली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पाहुण्याचा मान ठेवला, बस.

साहेब एटीव्हीवर बसले आणि त्या भरलेल्या पांदणीवरून टोकापर्यंत जाऊन आले. शर्टावर एक थेंबही उडाला नाही. एक म्हातारी ओट्यावरून बघत होती, म्हणाली, “बेडूक गेला वं माय टुणटुण.” सगळे हसले, साहेबही हसले. मला म्हणाले, आता तुम्ही बसा, अगदी सोपी आहे.

मी म्हटलं, “बसते सर. पण मी त्या पलीकडच्या पांदणीनं जाईन.”

पलीकडच्या पांदणीला कुणी हात लावलेला नव्हता. तिकडेही माझी तीन गावं होती. साहेबांना हट्ट वाटला असावा, पण ते हो म्हणाले आणि काका, सहकारी असे सगळे मागून पायी आले.

खरं सांगायचं तर त्या गाडीला ताकद होती. चिखल तिला काही करत नव्हता. टायर माती फेकत पुढे जायचे, माझ्या गाडीचं चाक जिथे गपकन थांबलं असतं तिथेही. पहिल्या वळणापर्यंत मला वाटलं, आपण चुकीचं तर ठरवलं नाही ना. मग चाकोऱ्या खोल झाल्या. डावी चाकं खाली गेली, उजवी वरंब्यावर राहिली आणि गाडी डावीकडे कलंडायला लागली. मी उजवीकडे अंग टाकलं, अंगठ्याने रेस धरून ठेवली आणि पुढे नेत राहिले. पण एका जागी ती भसकन कलली, आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. ढकलायला. इतक्या वर्षांचा पाय तो, मला विचारून थोडाच जातो.

मोटरसायकलला पायामागे काही नसतं. इथे मागचं जाड चाक होतं. त्याने माझी चप्पल ओढून घेतली आणि चिखलात दाबून पुढे गेलं. पाय मी कसा काढला ते मला आजही नीट सांगता येत नाही. घोट्याची कातडी निघाली, हाड वाचलं.

मी गाडी बंद केली नाही. हे मुद्दाम लिहिते. टोकापर्यंत नेली, वळवली, दोन्ही पाय वर घट्ट धरून तिरकी तिरकी परत आणली आणि साहेबांसमोर उभी केली. मग किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

“ही गाडी माझ्या गावांसाठी नको, सर.”

त्यांनी माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. “घाबरलात का?”

“भ्याली असती तर परत कायले आणली असती? तिथंच टाकून पायी आली असती.”

ते म्हणाले, पाय वर ठेवायची सवय करा. त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. मी म्हटलं सवय मी आठ दिवसांत करीन, पण चाकोरीत ही गाडी सरळ चालणारच नाही, जाईल तिथे कललेलीच जाईल आणि कधी ना कधी उलटेल. शेतात उतरायचं तर धुऱ्यावरून माझी गाडी जाते, ही जाणार नाही, हिला कुणाचीतरी दोन तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, मोडून जावं लागेल. कपाशीची उभी तासं मोडून मी अळी कुठे बघू?

“मग मी कसा गेलो?” साहेबांनी विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. काका जरा खाकरले. “साहेब, तुमच्यासाठी चाकोऱ्या भरल्या होत्या ना. माह्या घरच्या पऱ्हाट्या हायेत त्या. बायको कालपासून बोलून नाही राह्यली.”

साहेब हसले नाहीत. किल्ली सहकाऱ्यासमोर धरून म्हणाले, तू जाऊन ये. तो पांदणीकडे पाहून म्हणाला की आज त्याची कंबर दुखते. मी त्याला पोळ्यांचं काही विचारलं नाही.

साहेबांनी गावं माझ्याकडेच ठेवली, पण अट घातली. या पावसाळ्यात एका जरी गावचा एक आठवडा चुकला तर गावं त्या सहकाऱ्याकडे जातील आणि मी ऑफिसात बसेन. मी लगेच हो म्हटलं. चप्पल चिखलातून उकरून काढली, दिग्रसच्या स्टँडजवळ शिवून घेतली आणि सोमवारी माझी बिनमडगार्डची गाडी काढली.

अडकले का? अडकले. श्रावणात दोनदा तर अशी अडकले की पट्टीने खरवडून खरवडून हाताला फोड आले. शेवटी गाडी धुऱ्यावर आडवी टाकली आणि पायी गेले, पण शेतात पोचले. एटीव्ही शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली, संस्थेच्या कुत्रीने तिच्याखाली पिल्लं दिली. माझा एकही आठवडा चुकला नाही.

दर शनिवारी साहेबांना तोंडी माहिती द्यावी लागे. अंगणात नळ होता, सगळे तिथे पाय धुवून आत येत. त्या पावसाळ्यात मी एकदाही धुतले नाहीत. गुडघ्यापर्यंत काळी माती वाळलेली, तशीच फरशीवरून चालत त्यांच्या टेबलापर्यंत जायची. एकदा न राहवून ते म्हणाले, “अहो, पाय तरी धुवून या.”

“आधी अळीचं ऐकून घ्या, सर,” मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.