बावतीसकाकांची नगरसभा

बावतीसकाका जिन्यात भेटले की तब्येतपाणी विचारावं तितक्या सहज सांगायचे, "आमच्याकडे काल मोठा तलाव गोठला." काका वसईचे, राहायचे ओमानमधल्या सीबमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर, आणि तलाव स्वीडनमधला! त्यांची लेक सलोमी तिथल्या एका छोट्या नगरपालिकेच्या हद्दीत राहायची. काका तिथे एकदाही गेले नव्हते.

जाणार कसे? सोहारच्या ज्या कारखान्यात ते फोरमन होते, तिथे साखळी तुटून एका कामगाराचा पाय गेला. केस उभी राहिली. निकाल लागेपर्यंत काकांना देश सोडायची बंदी झाली, नोकरीही गेली. "पुढच्या तारखेला खलास, इन्शाल्ला," असं ते दर वेळी म्हणायचे आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. सलोमीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "सुट्टी मिळत नाही असं सांगितलंय तिला. तू तोंड उघडू नकोस," असा मला दम होता.

दिवसभर खोलीत बसून काकांनी ती नगरपालिका पाठ केली. दोन तलाव, मध्ये पाइनचं जंगल, स्टेशनाचं गाव आणि पार टोकाला लेकीचं खेडं. नगरसभेच्या बैठका इंटरनेटवर दिसायच्या, खाली इंग्रजी अक्षरं उमटायची. काका दाढी करून, पँट-शर्ट घालून बसायचे. लुंगीवर सभेला बसणं त्यांना पटत नसे. "सगळे आपापली कामं सांभाळून येतात गं. ती नर्स आहे, त्या टकल्याच्या गाई आहेत. कोण कोणावर ओरडत नाही." तेव्हा तिथे खेड्यातली शाळा बंद करायचा विषय निघाला होता. नात त्याच शाळेत. स्टेशनाच्या गावातल्या शाळेची बस कुठल्या वळणावर बर्फात अडकेल, हेसुद्धा काका सलोमीला फोनवर समजावायचे.

इथेच ते फसले. एक दिवस सलोमीने मलाच फोन केला. "ताई, इथल्या रस्त्यांची नावं मला येत नाहीत, पप्पांना येतात. ड्यूटी करणाऱ्या माणसाला एवढा वेळ कसा मिळतो?"

मला खोटं बोलता आलं नाही. अजूनही वाटतं, बोलायला हवं होतं.

ती स्वीडनहून आली तेव्हा नेमकी बैठक चालू होती. लेकीला माझ्यासोबत दारात बघून काका हबकले, माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि तिचा हात धरून म्हणाले, "बस. आधी मतदान होऊ दे."

रडायचं विसरून ती बसली. पडद्यावर हात वर झाले. शाळा बंद.

"असू दे पप्पा," सलोमी म्हणाली. "आम्ही ते खेडं सोडायचं आधीच ठरवलंय. मोठ्या शहरात जातोय. तुमची केस संपली की तिथेच या."

इतक्या तारखा पडल्या, पण काकांचे डोळे कधी भरलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी ते पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले.

"तोपर्यंत मी कुठे राहू, बाय?" ते म्हणाले.