लग्नाआधीचा स्कॅन

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मशीनबद्दल लिहिण्याइतकं मला कळत नाही, तरी लिहितो आहे, माफ करा.

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरून काचेतून पडद्यावर ताईची छाती दिसत होती. फुप्फुसात एक पांढरा डाग, वर कोपऱ्यात नाव, मीनल. ताई बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिल्यावर डॉक्टर म्हणाले, "लग्नाआधी इथेच स्कॅन केला होता ना? डाग तेव्हाही एवढाच असेल तर काळजी नाही. वाढला असेल तर सुई घालून तपासावं लागेल."

ऑपरेटरने शोधलं. "या नावाचं जुनं काहीच नाही."

"तेव्हा मी सुमन होते," ताई म्हणाली. लग्नात भाऊजींनी तांदळात नवं नाव लिहिलं होतं.

"कॉम्प्युटरला लग्न कळत नाही हो ताई. सुमन ढीगभर आहेत. शोधून कळवतो."

"त्यालाही पत्रिका द्यायला हवी होती!" ताई हसली, पण माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं.

मी पडद्याकडे पाहत राहिलो. बरगड्या त्याच, श्वास तोच. पण मशीनच्या लेखी सुमन कधीच परत आली नाही आणि मीनलला मागचं आयुष्यच नाही. अशा किती जणींचं अर्धं दुखणं माहेरच्या नावाखाली पडून असेल?

दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "सापडला रे स्कॅन. डाग तेव्हाही होता, पण अगदी बारीक." मग म्हणाले, "तिला अजून सांगितलं नाही. तू येतोस का?"