रूपराव मामाची भरलेली डिस्क

दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडं पाहतं, मग माझ्या मागं. मागं नुसती भिंत आहे. तरी विचारतंच, "भाऊ नाहीत का?" सावंगीच्या दवाखान्याच्या रस्त्यावर मी इतकी वर्षं लॅपटॉप दुरुस्त करते आहे, निम्म्या डॉक्टरांचे प्रबंध माझ्या हातून वाचलेत, पण लोकांना अजून भाऊच हवा असतो. मी म्हणते, "भाऊ नाही, बहीण आहे. काय बिघडलं ते बोला."

रूपराव मामानं मात्र कधी भाऊ शोधला नाही. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. लहानपणी बंद पडलेला रेडिओ उघडायला माझ्या हातात पहिला पेचकस दिला तो त्यानंच. पवनारला धाम नदीच्या काठानं त्याचं वावर आहे. कपाशी, तूर, बांधावर थोडी वांगी-मिरची. बोलण्यात असा कंजूष माणूस मी दुसरा पाहिला नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "बेस हाय." बैलानं पाय तुडवला, अंगठा काळानिळा झाला, तरी बेस हाय. मामी गेली त्यानंतर दारात आलेल्या माणसांनाही तो हेच सांगत होता. माझी आई चिडून म्हणाली, "अरे, बायको गेली तुही, बेस काय हाय?" त्यावर तो पाणी आणायला उठून गेला.

मामीच्या मागं राहिली त्यांची एकुलती लेक, आचल. तेव्हा ती बारावीत होती. मामानं तिला नर्सिंगला घातलं, इथंच सावंगीला. तिनं कोर्स केला, मग मनात घेतलं की जर्मनीला जायचं, तिथं नर्स लागतात. त्यासाठी ती भाषा बोलता यायला हवी. तर ही पोरगी दोन वर्षं रोज संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून बडबड करायची. तिच्या सरांनी एक युक्ती सांगितली होती. पेशंट समोर आहे असं समजून जर्मनमधे प्रश्न विचारायचा, मग आपल्या बोलीत अर्थ म्हणायचा, आणि पेशंट उत्तर देईल तेवढी जागा सोडायची. सगळं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी आपणच ऐकायचं, म्हणजे चुका कळतात. मामा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलता सोलता हे ऐकत असायचा. त्याला काय कळत होतं देव जाणे.

मग ती गेली. कुठल्या गावाला ते मला लिहिता येईल, उच्चारता येत नाही. लॅपटॉप जुना झाला होता म्हणून घरीच ठेवून गेली. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. बाप विचारतो जेवली काय, लेक विचारते जेवले काय. दोघंही हो म्हणतात. दोघांनाही एवढंच पटवायचं असतं की आपलं ठीक चाललंय.

यंदा कापूस वेचणी ऐन भरात असताना, आठवड्याच्या मधेच, मामा बस धरून दुकानात आला, तेव्हाच मला वाटलं काहीतरी बिनसलं आहे. खांद्यावरच्या दुपट्ट्यात लॅपटॉप गुंडाळलेला होता.

"काय झालं याले?" मी विचारलं. मामाशी बोलताना माझी शहरी मराठी आपोआप गळून पडते.

"सुरूच होत नाई. झाला तं नुसता फिरत राह्यते. मंग लाल पट्टीवाली पाटी येते."

मी उघडून पाहिलं. डिस्क काठोकाठ भरलेली. श्वास घ्यायला जागा नाही. वर डिस्क जुन्या पद्धतीची, आतून टकटक आवाज करणारी. म्हणजे तिचेही दिवस भरत आलेले.

"मामा, यात भरतं तरी काय? कापूस?"

"म्या काई नाई भरलं. मी फक्त आयकतो."

"काय आयकतो?"

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. "आचलचं," तो म्हणाला. "ते ती बोले ना, ते."

मी म्हटलं डिस्क बदलावी लागेल, नवीन टाकू, हलकी आणि वेगवान. जुनीतलं सगळं तिच्यावर घेऊ. मामा दुपट्ट्याच्या टोकानं लॅपटॉपचं झाकण पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"तिचा आवाज जाईन काय?"

या माणसानं मला आयुष्यात कधी स्वतःसाठी काही विचारलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "बाकी काही गेलं तं गेलं, आचलचा आवाज जात नाई. मी सांगते ना तुले." तरी तो दारात जाऊन पुन्हा मागं वळला. "पाह्यजो बरं," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी कामाला बसले. मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर घेतली, तिच्या जागी नवी बसवली, विंडोज टाकलं. मग जुनी डिस्क डबीत घालून वायरनं लॅपटॉपला जोडली. इथपर्यंत हे काम मी झोपेतही करीन. आचलचे आवाज एका फोल्डरमधे नीट नावं देऊन ठेवलेले होते, पोरगी पहिल्यापासून टापटिपीची. ते सगळ्यात आधी घेतले. पण ते जेमतेम मूठभर. मग एवढी मोठी डिस्क भरली कशानं?

शोधलं तर दुसऱ्याच एका कोपऱ्यात रेकॉर्डिंगच्या फाइलींचा ढीग. नाव नाही, नुसत्या तारखा. रोजची एक, कधी दोन, आणि प्रत्येक तास-दीड तासाची. आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारा तो प्रोग्राम, त्यामुळं एकेक फाइल चांगली गलेलठ्ठ. सगळ्या तारखा आचल गेल्यानंतरच्या. मला वाटलं व्हायरस आहे. काढून टाकायच्या आधी एक लावून पाहिली.

पंख्याची घरघर. कोंबडीचं कॉक-कॉक. ताटलीत चमचा पडल्याचा आवाज. मग लांबून, लॅपटॉपच्या फाटक्या स्पीकरमधून आल्यासारखी आचल बोलली, "वो टूट एस वे? कुठी दुखते?"

आणि तिनं सोडलेल्या जागेत मामाचा आवाज आला.

"गुडघा. डावा. वावरातून येता येता दोनदा बसा लागलं."

"बरं. कधीपासून दुखते?"

"झाले असन दोन-तीन महिने."

मी दुसरी तारीख लावली. तेच प्रश्न, उत्तर वेगळं. तिनं विचारलं रात्री झोप लागते काय. मामा म्हणाला, "नाई लागत, माय. मधातच जाग येते. मंग वाटते, तू जेवली असशीन का नाई." आणखी एका तारखेला, जेवण जाते काय? "एकट्यासाठी काय रांधाव? सकायचंच राह्यते." एका फाइलीत आचल पेशंटला विचारत होती, भेव लागते काय? तिथं बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला. तिची सोडलेली जागा संपली, ती पुढच्या प्रश्नावर गेली, आणि मागाहून मामा हळूच म्हणाला, "संध्याकाळी लागते."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि रडले. मग राग आला. मामाचा, आचलचा, त्या न उच्चारता येणाऱ्या गावाचा, सगळ्यांचाच. जिला सांगायचं तिला बेस हाय, आणि या डबड्याला सगळं खरं. त्यातून मला एक गोष्ट माहीत होती. आचलचा तिथला करार संपत आला होता. दवाखान्यानं पुढं राहणार का म्हणून विचारलं होतं आणि तिला याच महिन्यात कळवायचं होतं. ती बापाला दर रविवारी विचारत होती, राहू का येऊ? बाप म्हणत होता, राह्य.

मामा लॅपटॉप न्यायला आला तेव्हा मी एक फाइल लावली. आपलाच आवाज ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर त्यानं स्पीकरवर तळहात ठेवला.

"बंद कर."

"तू काऊन रेकॉर्ड केलं हे?"

"म्या कुठी केलं? आचल बसली का पयले ते लाल बटन दाबे, मंग बोले. मी बी तसंच करो. मंग तिचं लावो. उठताना चौकोन दाबला का झालं." मग म्हणाला, "मले वाटलं, ते दाबल्याबिगर ती बोलतच नाई."

मी फाइल बंद केली.

"कोन-कोन आयकलं?" त्यानं विचारलं.

"मी एकटीनं. पण आता आचलले पाठवणार मी. तिले ठरवाचं हाय याच महिन्यात. तिले कळलं पाह्यजे का नाई?"

"काऊन? गुडघा काय माह्या एकट्याचा दुखते?"

"मी गुडघ्याचं नाई म्हणून राह्यली, मामा."

त्यालाही ते कळत होतं. त्यानं हात पुढं केला. "तिचे आवाज नव्यात आले ना? मंग जुनी डिस्क इकडं दे." मी दिली नाही. तो हात तसाच धरून उभा राहिला. गिऱ्हाईक आलं, त्याला भाऊ हवा होता, ते थांबून कंटाळून गेलं, तरी मामाचा हात पुढंच. शेवटी मी वायर काढली. त्यानं डिस्क बंडीच्या खिशात टाकली, वरून बटण लावलं, लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळला आणि म्हणाला, "रविवारी येजो. नव्यात मले काई सापडाचं नाई."

रविवारी दुपारी मी पवनारला गेले. लॅपटॉप बाजेवर ठेवला, मी आणि मामा शेजारी बसलो. आचल पडद्यावर आली. अंगात जाड स्वेटर, मागच्या खिडकीत धुकं.

"बाबा, तुमी बारीक दिसून राह्यले."

"डिस्क नवीन हाय, त्याच्यानं तसं दिसते," मामा म्हणाला. आचल हसली. मीही हसले, नाइलाजानं.

मग ती सांगू लागली. तिला हवा होता तो वॉर्ड तिला देतो म्हणाले होते, लहान पोरांचा. एक पोरगं तिला सोडतच नाही, सुई टोचायची तर तिच्याच हातानं टोचून घेतं. सांगताना तिचा सगळा चेहरा फुलला होता. आणि मधेच ती म्हणाली, "पन मी हो नाई म्हणलं अजून. तुमी म्हणसान तं येते मी, बाबा. खरंच येते."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कॅमेऱ्याला दिसणार नाही असा मामाचा हात माझ्या मनगटावर आला. बोंडांनी ओरबाडलेला, खरखरीत. त्यानं जोर लावला नाही, नुसता ठेवला. मी बोलले असते तर ती पुढच्या महिन्यात घरी असती, एवढं मला ठाऊक होतं. आणि ते पोरगं, तो वॉर्ड, ते फुललेलं तोंड तिकडंच राहिलं असतं, हेही आताच डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तोंड मिटलं.

"राह्य," मामा म्हणाला. "पोरायले सोडून येतं काय असं? मले काय झालं?"

"काई दुखत-बिखत तं नाई ना?"

"नाई."

तिनं डोळे पुसले. आनंदानं की कशानं, मला सांगता येणार नाही. मग ड्युटीची वेळ झाली आणि पडदा काळा झाला.

"ती आली असती, मामा," मी म्हटलं. माझ्या आवाजाला धार होती.

"आली असती," तो म्हणाला. "माह्यासाठीच आली असती."

बाहेर कुणीतरी बैलाला हाकारत गेलं. मामानं लॅपटॉप जवळ ओढला. आचलचे आवाज मी पडद्यावर अगदी समोर काढून ठेवले होते. त्याचं बोट वर डाव्या कोपऱ्यात गेलं, लाल बटण शोधत. ते नव्या डिस्कवर नव्हतंच. "ते नाई लागत आता. नुसतं इथी दाब," मी दाखवलं. त्यानं दाबलं.

"वो टूट एस वे? कुठी दुखते?"

पोरगी खोलीत बसली आहे असा आवाज. मामानं माझ्याकडं पाहिलं. तिनं सोडलेली जागा तशीच निघून गेली. उत्तर मिळाल्यासारखी ती पुढं म्हणाली, "बरं," तेवढ्यात त्यानं थांबवलं.

"छाया, तुह्या बसचा टाइम झाला असन."

बस कधीही मिळते. मी पिशवी उचलली, अंगणात येऊन चप्पल घातली. आत त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी थांबायला नको होतं, पण पाय उचलेना. आचलनं विचारलं, कुठी दुखते?

"आज लय दुखून राह्यलं, माय," आतून मामा म्हणाला. "पन तू येऊ नको."