पडद्यावरचा उजवा हात

पहिल्या दिवशी मी गेम समजून टीव्हीवरच्या जाहिरातीसमोरच डावा हात नाचवत बसलो होतो. शेवटी सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "अहो, ती बाई साबण विकायलीय. व्यायाम अजून लागायचाय."

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तेवढी कल्पनाशक्तीच नाही! मी नळदुर्गातला पीटीचा मास्तर. जन्मभर पोरांवर 'हात वर!' म्हणून ओरडलो... आणि गेल्या वर्षी लकवा मारला, तर माझाच उजवा हात ऐकेना. लेकीनं पुण्याहून कॅमेऱ्याचा गेम आणला. आपण खुर्चीत बसून हात हलवायचे. पडद्यावरचा पुतळा तसंच करतो, चेंडू टोलवतो. डॉक्टर म्हणाले, "करा. हात यायचा असेल तर वर्षभरातच येईल."

वर्ष सरत आलं. माझ्यासारखाच पुतळ्याचाही उजवा हात लोंबकळत होता.

मग एका दुपारी चेंडू आला आणि पुतळ्यानं तो उजव्या हातानं टोलवला!

"अगं, आला! हात आला!"

सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली. खाली बघतो तर... हात मांडीवर, मागच्या बाकावर झोपलेल्या पोरासारखा.

लेक फोनवर म्हणाली, "पप्पा, कॅमेरा चुकत असंल." पटलं. कॅमेरा पुसला. पण पुतळ्याचा हात रोज सुधारत गेला, माझा नाही. स्वतःवरच जळणारा माणूस बघायचा असेल तर आमच्याकडं या.

परवा डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, आता आशा धरू नका.

घरी येऊन सवयीनं गेम लावला; खेळलो मात्र नाही. सुनंदा माझ्या उजव्या अंगाला खाली बसून बोटांना तेल चोळत होती. टीव्हीकडं तिची पाठ. चोळता चोळता तिचे खांदे हलायला लागले.

तेवढ्यात पुतळ्यानं उजवा हात सावकाश उचलला, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, अलगद ठेवला. माझा हात तर तिच्या दोन्ही मुठींत होता – थंड, तेलकट. मला काहीसुद्धा जाणवलं नाही.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला विचारायचंही धाडस नाही. मी घाबरून डाव्या हातानं रिमोट चाचपला.

सुनंदानं मान वर केली नाही.

"बंद नका करू," ती म्हणाली. "लई दिसांनी डोक्यावर हात ठेवलात."