हात न लावता विकलेला खेळ

परदेशी व्हिडिओ गेम कंपनीची देशभराची एजन्सी मिळाली आणि नवऱ्याच्या डोक्यात हवा गेली. ‘या देशात गेम मी आणले,’ हे तो दूधवाल्यालाही ऐकवायचा. आणले खरे, पण स्वतः कधी खेळला असेल तर शपथ. डबा उघडला की माल सेकंडहँड, हे त्याचं शास्त्र. म्हणून शोरूममध्येसुद्धा चालू मशीन नव्हतंच. एका व्यापाऱ्याकडून त्याने खेळाची टेप भरून आणली होती. काउंटरखाली झाकलेला व्हीसीआर, वर टीव्ही, आणि महाशय जॉयस्टिकची बटणं दाबत उभे. जॉयस्टिकची वायर टेबलक्लॉथखाली जाऊन तिथेच संपायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं बायको मनात म्हणायची.

त्याच सुमारास घरातली त्यांच्या लग्नाची टेप नाहीशी झाली. तिच्यात बायकोचे बाबा होते, हसतबोलत. लग्नानंतर लवकरच ते गेले. ‘तुझ्या भावाने नेली असणार,’ नवरा म्हणाला. भाऊ नाही म्हणाला, तर तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मग कंपनीचे दोन साहेब आले. एजन्सी याच्याकडे ठेवायची की आपलं ऑफिस उघडायचं, ते ठरवायला. बायको चहा घेऊन आली तेव्हा नवरा नवा कोट घालून खेळत होता.

“वा,” थोरले साहेब म्हणाले. “आता जरा थांबवा.”

नवऱ्याने बटण दाबलं. पडद्यावरचा गडी उड्या मारतच राहिला.

“तुमच्या मशीनमध्येच दोष आहे साहेब,” नवरा म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगणाच्या मालकालाच सांगतोय, शहाणा.

साहेबांनी टेबलक्लॉथ उचलला. व्हीसीआर बघितला आणि बॅग उचलून निघाले. नवरा कोट सावरत दारापर्यंत धावला.

टेप चालूच होती. खेळ संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एकदम तिचे बाबा दिसले. पाहुण्यांना हात जोडून निरोप देत होते. एवढंच उरलं होतं. बाकी लग्नावर गडी उड्या मारून गेला होता.

ती ट्रे हातात धरून उभी राहिली. या नवऱ्याची तिला किळस आली.

“एजन्सी गेली गं,” नवरा आत येऊन म्हणाला. “साहेबांच्या हॉटेलवर फोन लाव. तू बाईमाणूस, तुझं ऐकतील.”

तिने टेप काढून पर्समध्ये ठेवली आणि फोन उचलला.

“दादा,” ती म्हणाली, “मी बोलतेय. टेप सापडली.”